चिऊ-काऊची पंगत

नातीच्या बालवाडीत डब्याच्या सुट्टीची घंटा वाजवावी लागत नाही. साडेदहाच्या सुमारास कोपऱ्यातल्या कुणाला तरी आपल्या पिशवीची आठवण येते, ते पिल्लू तिच्याकडे नुसतं वळून बघतं, आणि गव्हाच्या शेतावरून झुळूक जावी तशी ती आठवण सगळ्या डोक्यांवरून सरकत जाते. मग सतरंज्या अंथरल्या जातात, हात धुतले जातात, म्हणजे बहुतांशी बाह्या धुतल्या जातात, आणि श्लोक सुरू होतो. हात जोडलेले, डोळे मिटलेले. पण नीट पाहिलं तर प्रत्येकाचा एक डोळा किलकिला असतो आणि तो डब्याच्या झाकणावर असतो. देव आणि पोट या दोघांकडे एकाच वेळी असं निर्मळ लक्ष देणं मोठेपणी फार थोड्यांना साधतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून हे बघते. मूल नवीन असलं, रडलं, तर जवळचं कुणी असावं म्हणून पहिले काही दिवस आजी-आजोबांना तिथे बसायची मुभा असते. नातीचं रडणं केव्हाच थांबलं; मी मात्र अजून बसतेच आहे. बाई काही म्हणत नाहीत. या आजींना रुळायला जरा वेळ लागतोय, अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी.

व्हरांड्याच्या भिंतीवर डब्याचं साप्ताहिक वेळापत्रक चिकटवलेलं आहे. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेलं कडधान्य, बुधवारी फळ, गुरुवारी उपमा किंवा इडली, शुक्रवारी मुलांच्या आवडीचं काहीही. वेफर्स, बिस्किटं आणि केक मात्र वर्ज्य. या कागदापुढे हल्लीचे आईबाप ज्या गांभीर्याने उभे राहतात, त्या गांभीर्याने आमच्या काळी फक्त मॅट्रिकचा निकाल वाचला जायचा. मग रात्री घरोघरी खलबतं होतात. पालक उघडपणे दिला तर तसाच परत येतो, म्हणून तो कणकेत मळला जातो. गाजर थालीपिठात शिरतं, बीट इडलीच्या पिठात विरघळतं, दुधी पराठ्याच्या पोटात दबा धरून बसतो. आग्र्याच्या पेटाऱ्यांची आठवण व्हावी अशा बंदोबस्तात या भाज्या सकाळी घराबाहेर पडतात. आणि साडेदहाला चार वर्षांचा एखादा चौकीदार थालीपीठ उजेडाकडे धरतो, त्यातला केशरी ठिपका नखाने उपसून झाकणावर ठेवतो आणि शांतपणे म्हणतो, “बाई, यात काहीतरी आहे.”

घरचा सोहळा याहून मोठा. संध्याकाळी सातला सून हातात वाटी घेऊन निघते, तिच्या पुढे नात. सोफ्यामागून गॅलरीत, गॅलरीतून पलंगाखाली अशी ही दिंडी चालते आणि प्रत्येक मुक्कामाला एक घास पोटात जातो. “हा शेवटचा हं,” असं जाहीर झाल्यानंतर आणखी सहा-सात शेवटचे घास होतात. निरोपाच्या मैफली घेणाऱ्या काही गवयांचंही असंच असतं. मध्येच नात ओठ मिटून घेते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने मिटलेले ओठ ही फार बघण्यासारखी गोष्ट आहे. बूट कुठले घालायचे, झोपायचं कधी, मावशीला पापा द्यायचा की नाही, हे सारं आपण ठरवतो. त्याच्या हाती फक्त ही दोन ओठांची वेस उरते. ती बंद झाली की आतला राजा तोच असतो आणि बाहेर वाटी घेऊन उभं असलेलं अख्खं घर त्याची प्रजा होतं. “आई, हिचं पोट चालतं तरी कशावर हो?” सून हताशपणे मला विचारते.

याचं उत्तर साध्या गणितात आहे. तीन किलोचं जन्मलेलं बाळ पहिल्या वर्षात तिप्पट होतं, म्हणजे नऊ किलोच्या आसपास जातं. त्याच चालीने ते वाढत राहिलं, तर दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस, तिसऱ्याला एक्याऐंशी, आणि बालवाडीच्या छोट्या शिशूत बसायच्या वेळी थेट दोनशे त्रेचाळीस किलो भरेल. निसर्गाला बालवाडीच्या खुर्च्यांची काळजी असल्यामुळे तो असं होऊ देत नाही. दोन वर्षांनंतर मूल वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं, आणि भूकही त्या मानाने मंदावते. मुलाला हे कळलेलं असतं. आपल्याला कळलेलं नसतं. आपण अजून पहिल्या वर्षातला हिशोब मनात धरून वाटी भरत असतो. वयाच्या दर वर्षामागे प्रत्येक पदार्थ एक मोठा चमचाभर, असा एक ढोबळ अंदाज आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भाजी ही झाली पंगत. पोट लहान, म्हणून तीन वेळचं जेवण आणि मध्ये दोनदा काही छोटंसं खाणं. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि “वाटी तुम्हीच भरलीय, आई,” एवढंच म्हणाली.

आणि नवीन पदार्थाला नाक मुरडणं, तेही उगीच नसतं. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची भीती सगळ्यांत जास्त असते. अभ्यासकांचा तर्क असा, की नुकतंच पायांवर सुटं झालेलं मूल दिसेल ते पान आणि फळ तोंडात घालू लागलं असतं, तर रानात राहणारे आपले पूर्वज फार पिढ्या टिकले नसते. म्हणजे कारल्याकडे संशयाने बघणारी माझी नात हट्टी नाही. ती हजारो वर्षांचं शहाणपण सांभाळून बसली आहे. या शहाणपणाला धाक चालत नाही, ओळख मात्र चालते. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, नुसती ताटाच्या कडेला पडून राहावी लागते, तेव्हा कुठे ती घरची वाटू लागते. आपण तिसऱ्या-चौथ्या वेळीच “हिला नाही आवडत” असा शिक्का मारून मोकळे होतो. जावयाला घरात रुळायला वर्षानुवर्षं देणारी माणसं आपण, दोडक्याला चार दिवस देत नाही.

त्यातून मग लाच सुरू होते. “भाजी संपव, मग चॉकलेट.” लीअन बर्च नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बालवाडीतल्या मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये असं दाखवून दिलं, की एखादं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं, की मुलांना ते पेय पूर्वीपेक्षा कमी आवडू लागतं. मुलाचं तर्कशास्त्र बिनतोड असतं: ज्यासाठी मजुरी मिळते, ते नक्कीच कष्टाचं काम असणार. आंबा खाल्ल्याबद्दल आजवर कुणी कुणाला चॉकलेट दिलेलं नाही.

माझं लहानपण कोकणातल्या एका घराच्या मागच्या पडवीत जेवलं. आजी पायरीवर बसायची. वाटीत गुरगुट्या भात, त्यावर तूप आणि मेतकूट. परसात फणसाच्या बुंध्याशी कोंबड्या, तारेवर कावळे. ती भाताचे लहान लहान घास करून वाटीच्या कडेने मांडून ठेवायची आणि प्रत्येकाला मालक नेमून द्यायची. एक चिऊचा, एक काऊचा, एक मनीचा, एक मुंबईच्या काकांचा. मालक गैरहजर, म्हणून त्यांच्या वतीने ते घास मी खायचे. कावळा खरोखरच समोर असायचा आणि आपल्या नावावर चाललेला हा व्यवहार मान वाकडी करून बघत राहायचा. त्याच्या वाट्याला कधी शीतही आलं नाही. इतक्या जणांचं जेवण एकटीने जेवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, असं तेव्हा मला मनापासून वाटे, आणि काकांचा घास खाताना मी जरा सावरून बसे, कारण ते बँकेत होते.

चिऊ-काऊचे घास म्हणजे मुलाला फसवून चार घास जास्त घालायची युक्ती, असंच आपण समजतो. बालवाडीच्या बाकावर बसून बसून मला मात्र वाटू लागलं आहे, की आजीसारख्या त्या बायकांना काहीतरी वेगळंच ठाऊक होतं. एकटं मूल जेवत नाही. मोठी माणसं शेतावर गेलेली, भावंडं शाळेत, दुपारच्या त्या मोकळ्या घरात एका लहानग्या जिवाला एकट्याने जेवायचं असे. अशा वेळी त्याच्यासोबत जेवायला कुणाला बोलवायचं? मग आजीने जी मंडळी हाताशी होती, त्यांना आवतण धाडलं. चिमण्या आल्या, कावळे आले, मांजर आली, ट्रंककॉलचा खर्च वाचवून मुंबईचे काकाही आले. वाटीच्या कडेने मांडलेले ते घास म्हणजे पानं मांडलेली पंगतच होती. त्या पंगतीत मी एकटी कधीच नव्हते.

आता चिमण्या कमी झाल्या आणि खिडकीला जाळी बसली. पंगतीला मोबाईल येतो. तो समोर टेकवला, की मुलाचं तोंड आपोआप उघडतं, पत्रपेटीसारखं. त्यात काय पडतंय याची पेटीला खबर नसते. घास झपाट्याने संपतात, दिंडी सोफ्यापाशीच थांबते, घरात शांतता नांदते. मोबाईलवर राग धरावा असं माझं वय नाही. संध्याकाळी थकून आलेल्या सुनेला तो अर्धा तास देतो, तेवढं आम्हीही कधी दिलेलं नाही. पण तो काऊसारखा मान वाकडी करून बघत नाही. तो जेवणारा सोबती नव्हे. चव, वास, पोट भरल्याची ती मंद सूचना, या साऱ्यांवर तो इतक्या मोठ्याने बोलतो, की मुलाला स्वतःची भूकच ऐकू येत नाही.

भूक ऐकू येणं ही काय चीज आहे, याचा एक विलक्षण प्रयोग 1920च्या दशकात अमेरिकेत झाला. क्लॅरा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतीच अंगावरून सुटलेली पंधरा बाळं सांभाळली आणि त्यांच्या आहाराची सगळी सूत्रं त्यांच्याच मुठीत दिली. एकूण चौतीस पदार्थ: दूध, अंडी, केळी, गाजर, पालक, गहू, मटण, कलेजी, चिमूटभर मीठसुद्धा. पदार्थ आलटून पालटून ताटात येत. परिचारिकेने चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळाने एखाद्या वाडग्याकडे हात नेला किंवा बोट दाखवलं, तरच चमचा भरायचा. हसायचं नाही, आग्रह करायचा नाही, “शाब्बास” म्हणायचं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे काम द्या, पहिल्या दहा मिनिटांत ती राजीनामा देईल. एका बाळाने नाश्त्याला संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली, दुसऱ्याने रात्रीचं जेवण अंडी, केळी आणि दुधावर भागवलं. जेवणं पाहून कुणाही आईने कपाळाला हात लावला असता. पण मुलं उत्तम वाढली. मुडदूस घेऊन आलेल्या एका बाळाच्या ताटात कॉडलिव्हर तेलाची छोटी पेली ठेवलेली असे. ते त्याने बरं होईपर्यंत मनाने घेतलं आणि मग सोडून दिलं. 1939 मध्ये बाईंनी या साऱ्यामागची मेखही मोकळेपणाने सांगितली: यादी त्यांनी केली होती. तिच्यात साखर नव्हती, तळण नव्हतं, डबाबंद काही नव्हतं. निवड मुलांची, पण दुकान मोठ्यांचं.

पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हीच गोष्ट एखाद्या वाटणीपत्राच्या नेटकेपणाने मांडली. काय, कधी आणि कुठे खायचं, हे मोठ्यांच्या वाट्याला. खायचं की नाही आणि किती, हे मुलाच्या वाट्याला. भावकीतली सगळी भांडणं दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवल्याने होतात; जेवणातली भांडणंही त्यानेच होतात. आपण “आणखी दोन घास” म्हणत मुलाच्या शेतात शिरतो आणि ते “मला मॅगीच पाहिजे” म्हणत आपल्या.

बालवाडीत मात्र बांध कुणी ओलांडत नाही, कारण पंचवीस मुलांना भरवायला बाईंना हात पुरत नाहीत. त्या फक्त फिरत राहतात. कुणाच्या डब्यात अख्खी द्राक्षं आली तर उभी चिरून देतात, अख्खे शेंगदाणे आले तर काढून घेतात, कारण या वयाच्या मुलांच्या घशात ते अडकू शकतात. बाकी सारं मुलांचं मुलं बघतात. आणि खरंच, एकमेकांकडे बघतात. माझ्या नातीच्या शेजारी बसणारा एक गुबगुबीत मुलगा दुधीची भाजी अशा तल्लीनतेने खातो, की बघणाऱ्याला दुधीबद्दलच्या आपल्या मतांचा फेरविचार करावासा वाटतो. नात तीन दिवस त्याच्याकडे नुसती बघत होती. चौथ्या दिवशी तिने विचारलं, “मला एक दे ना.” त्याने दिली. तिने खाल्ली. घरी आल्यावर दुधी मागितला आणि सुनेने मला चिमटा काढायला सांगितलं. बर्च बाईंनी 1980 मध्ये नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. एका भाजीला नाक मुरडणारं मूल, ती भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर सलग चार दिवस जेवायला बसवलं, तर चौथ्या दिवसापर्यंत त्याची निवड बदलू लागते. बाईंना शोधनिबंध लिहावा लागला; आमच्या गुबगुबीत मुलाने तेच काम तोंडात घास ठेवून केलं.

बालशिक्षणाच्या मोठ्या माणसांनी जेवणाला कधी मधल्या सुट्टीतली किरकोळ बाब मानलं नाही. मारिया मॉन्टेसोरींनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडलं. तिथे चार-चार वर्षांची मुलं टेबलं मांडत आणि गरम सुपाची मोठी भांडी हातात धरून सगळ्यांना वाढत. तेच वारं भावनगरला गिजुभाई बधेकांकडे पोचलं आणि तिथून ताराबाई मोडकांबरोबर महाराष्ट्रात आलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव आहारासकट गावोगाव पोचलं.

माझी एक मैत्रीण अशाच एका अंगणवाडीत सेविका होती. मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा मदतनीस ताई खिचडी वाढत होत्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला इथल्या आहारातून पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं 2009 च्या निकषांत लिहिलेलं होतं. मुलांना ते ठाऊक नव्हतं, पण खिचडीत मटकी जास्त कुणाच्या ताटलीत गेली, हे अचूक ठाऊक होतं. तिथे “खा रे” असं कुणाला म्हणावं लागलं नाही. फक्त एक मुलगी अर्धी खिचडी खाऊन थांबली होती. पोट भरलं का, असं ताईंनी विचारलं. तिने मान हलवली आणि धाकट्या भावासाठी ठेवलीय, म्हणून सांगितलं. “अगं, मग त्याला इथे का नाही आणलंस?” “त्याला चालता येत नाही,” ती म्हणाली, “त्याचं पोट घरी राहिलंय.” ताईंनी तिला तिचं पूर्ण खायला लावलं, आणि भावासाठी घरपोच आहाराचं पाकीट मिळतं ते तिच्या आईला आठवणीने न्यायला सांगितलं. मी आमच्या दिंडीबद्दल, सोफ्याबद्दल आणि शेवटच्या सहा घासांबद्दल तिथे काही बोलले नाही. एकाच जिल्ह्यात एका मुलाच्या मागे वाटी धावते आणि दुसरं मूल आपली वाटी भावापर्यंत न्यायला बघतं; आहाराचे सगळे तक्ते या दोन वाट्यांच्या मध्ये कुठेतरी टांगलेले असतात.

परतल्यावर आमच्या घरी मी एवढंच केलं, की सुनेलाही सातला जेवायला बसवलं. नातीला भरवताना ती स्वतः कधीच जेवत नसे. नंतर थंड झालेलं, उभ्याने, ओट्याशी खायची. म्हणजे आमच्या नातीने आपल्या आईला जेवताना जवळजवळ पाहिलंच नव्हतं. आता तिघींची पानं शेजारी मांडतो. नातीच्या पानात तीन चमचे भाजी, छोटी पोळी, वरण-भात, नाचणीचा पापड. कधी ती सगळं खाते, कधी नुसता भात, कधी पापड खाऊन आम्हाला गोष्ट सांगते. कारलं अजून कडेलाच पडून असतं. त्याची ओळख व्हायची आहे.

तेव्हा घरोघरच्या वाटीधारकांना माझी एकच विनंती आहे. साधं, ताजं, घरचं काही शिजवा. मुलाचं पान वाढलंत, की शेजारी आपलंही वाढा आणि त्याच्याकडे न बघता चवीने जेवा. ते एखादा पदार्थ नको म्हणालं, तर भांडू नका, चार दिवसांनी पुन्हा वाढा. आणि पोट भरलं म्हणालं, तर ताट उचला. स्वतःच्या पोटाबद्दल ते सहसा खोटं बोलत नाही.